एक म्हणती न्हाय, एक म्हणती हाय

लोणी भापकर
१२ नोव्हेंबर १९९८

जयवंता,

बाजरी घरात आली. शाळू बी बरा उगवलाय. तुझा दादा बरा हाय, गुडघा तेवढा कुरकुरतोय. दाजींना ऊसतोडीत ट्रॅक्टरवर उसंत मिळत नसंल, तरी आमचा नमस्कार सांग.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. मागच्या आठवड्यात आमच्या गावात छातीची तपासणी झाली. पंचायतीचा शिपाई घरोघर सांगून गेला, तिशीच्या वरच्या बायांनी शाळेत जमा, जीपगाडी येनार हाय, कॅन्सर बघनार हायत, फुकट हाय. मी आन् शेजारची गोजरबाई मिळून गेलो. गोजरबाईला तू ओळखतीस, म्हस्कूतात्याची बायको. तुझ्या लग्नात भाकऱ्या तिनंच थापल्या.

पांढरा कोट घातलेली एक पोरगी हुती. नाव सुप्रिया. तिनं हात लावला न लावला, "मावशी, तुम्ही ठणठणीत आहात, काही नाही," म्हनली आन् म्होरल्या बाईला हाक मारली. गोजरबाईचं बी तसंच. पोत्यावर थाप मारून आत ज्वारी हाय का गहू ते सांगावं, तसला कारभार.

मला यात काय तरी वेगळंच वाटतंय. त्या पोरीनं लेकरं किती, ऑपरेशन झालं का, पाळी कवा गेली, सगळं इचारून लिहून घेतलं. छाती बघायची तर लेकरांचा हिशोब कशाला? बाया म्हनत्यात ही लेकरं बंद करायची ऑपरेशनवालीच मानसं हायत, नाव बदलून आलीत. कोन म्हनतं, शिकाऊ डॉक्टरांना कापायला बाया लागत्यात, त्येची ही नावनोंदनी.

तू त्याच जीपगाडीवाल्यांत काम करतीस. इंदापूरकडं तू, बारामतीकडं ती सुप्रिया. म्हनून तुला इचारते. खरंच तपासता का नुसती नावं गोळा करता? सांगायची मनाई असंल तर तसं लिही. खोटं मातूर लिहू नको.

तुझी वैनी,
म्हाळसा

•

लासुर्णे
२४ नोव्हेंबर १९९८

म्हाळसावैनी,

तुम्हाला आणि दादाला नमस्कार. पत्र वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. ऑपरेशनवाल्यांचा आणि आमचा काही संबंध नाही. लेकरं किती, अंगावर पाजलं का, पाळी कधी गेली, हे सगळं विचारायचं कारण या रोगाचा धोका त्यावर कमीजास्त होतो.

आम्हाला पुण्यात शिकवलं ते सांगते. रबराची छाती असते, तिच्या आत मण्यांसारख्या गाठी ठेवलेल्या असतात. डोळे मिटून बोटांनी त्या शोधायच्या. एकही सुटली की मोठ्या बाई पुन्हा पहिल्यापासून करायला लावायच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या डॉक्टरीण, सगळं काम त्यांच्या हाताखाली चालतं. त्या सांगतात, परदेशात छातीचे फोटो काढायची मशीनं आहेत, आपल्याकडं खेड्यापाड्यात ती कुठून यायची? तेव्हा बायकांनी हातानं तपासून रोग लवकर सापडतो का, हे आपल्या दोन तालुक्यांत बघायचं आणि जमलं तर देशभर करायचं. म्हणून आमचं काम चोख पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष.

बाईला निजवून, ब्लाऊज काढून, आधी एक बाजू मग दुसरी, काखेपर्यंत तपासायचं. याला वेळ लागतो. त्यामुळं तुम्ही लिहिलंय तसं हात लावला न लावला असं होणार नाही. सुप्रिया माझ्याबरोबरच शिकली, चांगली पोरगी आहे. रागावू नका वैनी, पण तुम्ही नक्की तपासून घेतलंत ना? का गर्दी बघून नुसतं नाव लिहून परत आलात?

आमच्या इथं परवा एका बाईला गाठ लागली. बनाबाई म्हणून आहे, पाटाच्या पलीकडं त्यांचा ऊस आहे. तिला स्वतःला पत्ता नव्हता, मला बोटाला कळली. लगेच पुण्याला पाठवली. मोठ्या बाईंनी शाबासकी दिली. असं एक माणूस वाचलं तरी हे पायपीट करणं वाया गेलं नाही.

तुमची,
जयवंता

•

लोणी भापकर
२० डिसेंबर १९९८

जयवंता,

तू मला खोट्यात काढलंस. मी शाळेत गेले, बाकावर बसले, त्या पोरीनं हात लावला, मी घरी आले. यात कुठं खोटं हाय ते सांग. आन् निजवायचं म्हनतीस, तर तितं निजायला काय हुतं? पोरांची बाकं.

तुझी शाबासकी बी कळली. मोरगावच्या बाजारात लासुर्ण्याची एक बाई भेटली. ती म्हनली, बनाबाईला पुण्यात न्हेऊन कापली आन् आत काय बी निघालं न्हाय. टाका घालून घरी लावून दिली. सावळाराम, म्हंजी तिचा मालक, तिच्याशी बोलंना झालाय. व्हय का ह्ये? व्हय असंल तर तू मला निम्मंच लिहिलंस.

आता दुसरं. गोजरबाईला काय तरी लागतंय. डाव्या अंगाला, काखेच्या बाजूला, भिजत घातलेल्या हरभऱ्याएवढं. दुखत न्हाय. आंघुळीला बसली तवा हाताला आलं म्हनती. मला म्हनली, "म्हाळसा, त्या पोरीनं तर काय न्हाय सांगितलं, मग ह्ये काय?" मी काय सांगू? म्हस्कूतात्याला तिनं सांगून बघितलं. तो म्हनला, "सरकारी मानसांनी तपासलंय, काय न्हाय म्हनलेत. उगं डोक्यात भरवून घेऊ नको." झालं, इषय मिटला.

तपासणी झाली नसती तर त्यो निदान बारामतीला डॉक्टरकडं तरी न्हेता. आता त्येच्या हातात उत्तर हाय. तुमच्या पोरीनंच दिल्यालं.

तूच सांग, असलं काय लागलं तर बाईनं काय करावं? मी गोजरबाईसाठी इचारते.

म्हाळसा

•

लासुर्णे
४ जानेवारी १९९९

वैनी,

बनाबाईचं खरं आहे. गाठ काढून तपासली, साधी निघाली, चरबीची. मी लिहिलं नाही कारण मी पत्र पाठवलं तेव्हा मला ते कळलेलंच नव्हतं. आणि कळल्यावर लिहायचं जीवावर आलं, हेही खरं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "बनाताई, काही नाही निघालं, चांगलं झालं." तिनं विचारलं, "मग मला कापलं कशाला?" मी सांगितलं, हातानं एवढंच कळतं की गाठ आहे, ती कसली आहे ते कापून बघितल्याशिवाय कळत नाही. ती म्हणाली, "हे पाठवायच्या आधी सांगायचं होतंस." आणि आत निघून गेली. तेव्हापासून त्या वस्तीवरच्या बायका मला बघून दार लावून घेतात. यांनाही ट्रॅक्टरवर लोक टोमणे मारतात.

वर मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "जयवंता, तू फार बायका पुढं पाठवतेस. त्यातल्या बहुतेक नुसत्या घाबरून परत येतात. सुप्रियाकडं बघ, तिचं काम किती नेटकं आहे." सुप्रियाच्या गावांतून पुढं पाठवलेल्या बायका जवळजवळ नाहीतच. आता दर बाईला हात लावताना बोटांवरचा विश्वास उडालाय. हे मऊ आहे का कठीण, हे माझं मला ठरवता येत नाही.

पण तुमचं पत्र वाचल्यापासून एक विचार डोक्यातून जात नाही. बारामतीकडच्या बायकांना गाठी नाहीत, का कुणी शोधतच नाही?

आणि वैनी, आता सरळ विचारते. ही गाठ गोजरबाईची नसून तुमचीच तर नाही ना? बायका स्वतःचं दुखणं शेजारणीच्या नावावर सांगतात, हे आम्ही रोज बघतो. "माझ्या जावेला असं होतंय, काय करावं?" असं विचारणाऱ्या बाईला जाऊच नसते. तुम्ही असाल तर लाजू नका. दादाला मी सांगते. न दुखणारी गाठच जास्त वाईट असते. लवकर पुण्याला दाखवायला पाहिजे.

उत्तर लगेच पाठवा. नाही आलं तर मी येते.

जयवंता

•

लोणी भापकर
२१ जानेवारी १९९९

जयवंता,

उत्तर लिहायच्या आत तू आलीस आन् गेलीस. च्याला बी थांबली न्हाईस. म्हनून आता लिहिते.

एस्टीतनं उतरलीस ती थेट घरात. पाय धुतलं न्हाईत, दादाशी बोलली न्हाईस. मला म्हनलीस, "वैनी, आतल्या खोलीत चला, निजा." मी सांगते हाय, मला काय झालं न्हाय, तर तू ऐकंनास. शेवटी निजले. एवढं सगळं चापसून झालं, तर म्हनलीस, "माझ्या बोटांना आज काही लागलं नाही." मी म्हनलं, म्हंजी न्हाय ना? तर म्हनलीस, "लागलं नाही, एवढंच सांगते." हे कसलं गं उत्तर? त्या पोरीनं पुरं दिलं ते खोटं, आन् तू खरं दिलंस ते निम्मं.

मग म्हनलीस, "म्हणजे गाठ खरंच गोजरबाईला आहे." मी काय तुला कथा लिहून धाडत हुते व्हय? ननंदेचा भावजयीवर भरवसा नसतो ह्ये मला ठावं हाय, पन एवढा?

गोजरबाईला तपासताना मी तुझ्या तोंडाकडं बघत हुते. काखेत बोटं घातलीस आन् तितंच थांबलीस. गोजरबाई बी तुझ्या तोंडाकडंच बघत हुती. तिला तवाच कळलं.

म्हस्कूतात्याफुडं तू नीट बोललीस, त्यात तुझी चूक न्हाय. त्येच्या आईला पुण्याला न्हेली हुती, ती परत आली न्हाय. त्यो पुण्याचं नाव काढलं की उठून जातो. तुला काय म्हनला ते तू ऐकलंस, पन तू गेल्यावर माझ्याफुडं परत बोलला: "म्हाळसावैनी, दोघींनी तपासलं. एक म्हनती न्हाय, एक म्हनती हाय. दोघी बी एकाच गाडीतल्या. मी कुनाचं ऐकू? आन् जी हाय म्हनती, ती लासुर्ण्याला आदीच चुकल्याली."

तुमच्यातली एक खोटं बोलती. ती पोरगी खोटं बोलली असंल तर कशापायी? तिला आमच्याशी काय वैर? आन् तू खरी असशील तर तुझ्या त्या मोठ्या बाई तिचीच शाबासकी का करत्यात? काय तरी हाय जे तू सांगत न्हाईस, न्हायतर तुला बी कोन सांगत न्हाय.

गोजरबाई शेळ्या घेऊन रानात जाती, येती.

म्हाळसा

•

लासुर्णे
३ फेब्रुवारी १९९९

वैनी,

माझं चुकलं. घरात शिरले तेव्हा मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी बारामतीला जाऊन सुप्रियाला भेटले. स्टँडवरच्या हॉटेलात बसलो. मी आधी गोडीनं विचारलं, मग रागानं विचारलं. ती रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "जयवंताताई, त्या शाळेच्या खोलीला दार नाही. खिडक्यांना नुसते गज. बाहेर पोरं उभी, शिपाई उभा, जीपचा ड्रायव्हर उभा. मी पडदा मागितला तर पुढच्या वेळी देऊ म्हणाले. एकही बाई ब्लाऊज काढायला तयार नव्हती. तुमच्या वैनीच सगळ्यांत पुढं होत्या. 'पोरी, वरूनच बघ आन् लिही, आमचा येळ घालवू नको,' असं म्हणाल्या. मग मी वरून बघितलं. बायका खूश झाल्या. पुढच्या गावात तेच. मग तीच सवय झाली."

मी म्हटलं, मग बायकांना काही नाही असं का सांगितलंस? तपासलंच नाही असं सांगायचं. ती म्हणाली, "तसं सांगितलं असतं तर वर कळलं असतं. आणि वर सगळे माझ्यावर खूश होते. तुम्हाला ओरडा बसत होता, तो मी बघत होते."

वैनी, तुम्ही वरूनच बघ म्हणालात, हे मला का नाही लिहिलंत? मी इतके दिवस सुप्रियाचा संशय घेतला, तुमचा घेतला, माझ्या बोटांचा घेतला. आणि दाराचा विषय कुणीच काढला नाही.

मी हे मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मार्चमध्ये मुंबईचे तज्ज्ञ काम बघायला येणार आहेत. त्याआधी हे बाहेर गेलं तर सगळंच बंद पडेल. थोडं थांब." मी विचारलं, गोजरबाईनं किती थांबायचं? त्या म्हणाल्या, तिला आजच पाठव, तिच्यासाठी मी स्वतः फोन करते. तेवढं त्यांनी केलं. पण बाकीच्या बायकांचं काय, याला त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या खरंच मार्चनंतर सांगणार आहेत, का मार्च येऊन गेला की कुणी विचारणार नाही म्हणून थांबल्यात, हे मला कळत नाही. माझा त्यांच्यावर फार विश्वास होता.

म्हस्कूतात्यांना समजवायला कुणीतरी तिऱ्हाईत पाहिजे म्हणून मी बनाबाईकडं गेले. सुप्रियाचं आणि गोजरबाईचं सगळं सांगून म्हटलं, तुम्ही चला, तुमचं ऐकतील. तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "माझं करून झालं, आता दुसरीला कापायला मलाच नेतीस?" आणि दार लावलं.

आता तुम्हीच काहीतरी करा. माझं तिथं कुणी ऐकणार नाही.

जयवंता

•

लोणी भापकर
१५ फेब्रुवारी १९९९

जयवंता,

व्हय, म्हनले मी वरूनच बघ. तू असतीस तर काढला असतास का ब्लाऊज, त्या शिपायाफुडं? तुला लिहिलं न्हाय कारन मला त्यात लिहिन्यासारखं काय वाटलंच न्हाय. बायामानसानं अंग झाकलं, ह्ये काय सांगायची गोष्ट हाय? मला वाटलं, डॉक्टरकीची मानसं, त्येंना वरून बी कळत असंल. कळत न्हाय ह्ये त्या पोरीनं सांगायचं हुतं.

आता ऐक. परवा दुपारी एक बाई आन् एक गडी दारात उभी ऱ्हायली. चांगल्या बागायती घरातली दिसत हुती. बाई म्हनली, "म्हाळसाबाई तुमीच का? मी लासुर्ण्याची बनाबाई." पानी दिलं. ती म्हनली, "मला ती गोजरबाई दाखवा." मी म्हनलं, जयवंतानं पाठवलं का? तर म्हनली, "न्हाय. तिला ठावं बी न्हाय. मी बघायला आले, खरंच अशी कोन बाई हाय का जयवंतानं सोताची चूक झाकाया बनवलीय."

बघ, तुझ्यावरच्या संशयापायी ती बाई दोन एस्ट्या बदलून आली.

गोजरबाई शेळ्या बांधत हुती. बनाबाई तिला आत घेऊन गेली, मी बी गेले. तिनं इचारलं, "हात लावू का?" गोजरबाईनं पदर बाजूला केला. बनाबाईनं हात लावला आन् लगीच काढून घेतला. म्हनली, "माझी अशी न्हवती. माझी बोटाखालनं सरकायची. ही जाग्यावरच हाय." गोजरबाईनं इचारलं, "कापल्यावर लई दुखतं का?" बनाबाई म्हनली, "दुखतं. घरच्यांचं तोंड बघून त्याहून जास्त दुखतं."

भाईर म्हस्कूतात्या आन् तिचा मालक सावळाराम बसल्याले. तात्यानं त्येला इचारलं, "तुमची बायको कापली, काय निघालं न्हाय. राग न्हाय आला?"

सावळाराम म्हनला, "आला की. अजून हाय. म्हयनाभर मी हिच्याशी बोललो न्हाय. पन काय न्हाय, ह्ये कापल्याबिगर मला कोन सांगनार हुतं?"

तात्या म्हनला, "ती जयवंता चुकती म्हनं."

तवा बनाबाई दारात आली आन् म्हनली, "चुकती. पन चुकली तवा माझ्या घरी येऊन तोंडावर सांगून गेली. बाकीचं कोन बी आलं न्हाय. तुमच्या हितं ती दुसरी आली का परत, मी वरूनच बघितलं म्हनून सांगायला?"

म्हस्कूतात्यानं तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली. मग म्हनला, "माझी आई तितं गेली ती आली न्हाय." सावळाराम म्हनला, "मी येतो संगं. मला वाट ठावं हाय, कुठल्या खिडकीला उभं ऱ्हायचं ते बी ठावं हाय."

काल सकाळच्या गाडीनं तिघं पुण्याला गेली. शेळ्या माझ्याकडं हायत. तू तितं पोच. मला ह्या लोकांचा अजून भरवसा न्हाय, तू असलीस तर तेवढंच.

म्हाळसा

•

पुणे
२ मार्च १९९९

वैनी,

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिते आहे. मी इथं पोचले तेव्हा सावळाराममामा गोजरबाईच्या खाटेजवळ केळी सोलत बसले होते आणि म्हस्कूतात्या त्यांच्या खांद्याला टेकून झोपले होते.

गाठ कॅन्सरचीच निघाली. डावी बाजू काढावी लागली. काखेतही थोडं पोचलं होतं, तेही काढलं. डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरात आली असती तर कदाचित काखेत सापडलं नसतं, कदाचित सापडलंही असतं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, पण याहून जास्त ते काही सांगत नाहीत. आता औषधांच्या बाटल्या चढवायच्या आहेत. केस जातील, उलट्या होतील. पुढं किती वर्षं, ते कुणी सांगत नाही. गोजरबाईनं शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "शेळ्या कोन बघतंय?"

आता इकडचं. मोठ्या बाईंची मार्चपर्यंत थांबायची तयारी होती, माझी नव्हती. मी सुप्रियाला म्हटलं, तू सांगतेस का मी सांगू? मला वाटलं होतं ती टाळेल. ती स्वतः गेली आणि मुंबईच्या तज्ज्ञांना पत्र लिहिते असं मोठ्या बाईंना सांगून आली. मग मात्र सगळं हललं. तज्ज्ञ लवकर आले. त्यांनी सुप्रियाच्या गावांतल्या काही बायका आणि माझ्या गावांतल्या काही बायका पुन्हा तपासल्या. सुप्रियाच्या गावांत राहून गेलेल्या गाठी निघाल्या. लोणीतली एक आहे, नाव मी लिहीत नाही, तिला आधी कळू दे. माझ्या गावांत सुटलेली एकही निघाली नाही, पण मी पुढं पाठवलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त बायका विनाकारण पाठवल्या होत्या. तेव्हा दोघींनाही पुन्हा शिकायला बसवलं. रबराच्या छातीवर आम्ही शेजारी शेजारी बसतो.

तज्ज्ञांमध्ये एक बाई होत्या, त्यांना मी विचारलं, देशभर हे जमेल का? त्या म्हणाल्या, "बोटं शिकवता येतील. प्रत्येक गावात दार कुठून आणायचं, ते आधी बघू." मोठ्या बाई तिथंच होत्या. त्यांनी मान खाली घातली. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. त्यांनी हे काम उभं करायला किती उन्हातान्हात गावं पालथी घातलीत, ते मी बघितलंय.

एप्रिलमध्ये तुमचं गाव पहिल्यापासून करायचं आहे. मी आणि सुप्रिया, दोघी येणार. शाळेत नाही. कुठं, ते तुम्ही सांगा.

जयवंता

•

लोणी भापकर
११ एप्रिल १९९९

जयवंता,

गोजरबाई घरी आली. डोक्याला फडकं बांधती. पहिल्या दिवशी कोन बी आलं न्हाय. बायांना वाटत हुतं, रोग उडून लागतो. मी तिच्यासंगं एका ताटात जेवले, ते सगळ्या गल्लीनं बघावं म्हनून अंगनात बसून. दुसऱ्या दिवशी बाया येऊ लागल्या. नुसत्या बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, आन् डोळं तिच्या छातीकडं. गोजरबाईनं दोन दिस सोसलं. मग एका दुपारी सगळ्यास्नी आत घेतलं, दार लावलं, पदर काढला आन् म्हनली, "बघा. नीट बघा. एकदाच बघा, मग मला इचारू नका." जयवंता, डाव्या अंगाला नुसती शिवन हाय. बाया बघत ऱ्हायल्या. कोन रडलं, कोन भाईर गेलं. एकीनं जवळ जाऊन शिवनीवरनं बोट फिरवलं. गोजरबाई हलली न्हाय.

म्हस्कूतात्या मला म्हनला, "वैनी, बरी हुईल ना?" मी म्हनलं, ठावं न्हाय. त्यो म्हनला, "पुण्यात बी असंच सांगितलं. निदान खोटं सांगत न्हाईत." आन् शेळ्या सोडून घेऊन गेला. आता रोज त्योच न्हेतो.

तपासणी आमच्या घरात ठेव. आतली खोली रिकामी केली. दाराला कडी हाय, खिडकीला तुझ्या दादाचं घोंगडं लावलंय. खाट हाय. तुझा दादा म्हनला, मी कुठं बसू? मी म्हनलं, पारावर. जीपचा ड्रायव्हर बी पारावर. शिपायाला बोलवूच नको, बायास्नी मी सांगते.

सुप्रिया येनार म्हनल्यावर गल्लीत लई बोलनं झालं. वरल्या घराची झुंबर म्हनली, तिच्या हाताखाली मी निजनार न्हाय. दुसरी म्हनली, आन् जयवंता काय सोन्याची हाय, तिनं बी बाया उगं कापाया लावल्या. मी कुनाचीच बाजू घेतली न्हाय. मी म्हनलं, दोघींकडनं तपासून घ्या. एकीनं सांगितलं की दुसरीला इचारा. दोघींचं जुळलं न्हाय तर दोघीस्नी बसवून ठेवा, जुळंपर्यंत हलू देऊ नका.

अजून कुनाचा भरवसा बसल्याला न्हाय, ह्ये तुला सांगून ठेवते. माझा बी पुरा न्हाय. तू आलीस की मी पहिली निजनार हाय, पन तुझ्या बोटांकडं बघत.

सोमवारी सकाळच्याला या. मी घरोघर इचारून आले. कोनच येते म्हनलं न्हाय. पन सगळ्यांनी येळ इचारून घेतली.

म्हाळसा